वाचकांचे प्रश्न : बकस्किन म्हणजे कातडे, कापड की नुसते नाव?

गेल्या दोन महिन्यांत 'बकस्किन' या एकाच शब्दाविषयी विचारणा करणारी सहा पत्रे या सदराकडे आली. खानापूर, अथणी, शहापूर, चिकोडी, संकेश्वर आणि रायबाग अशा सहा ठिकाणांहून ती आली असून प्रत्येकाच्या मनातले बकस्किन वेगळे आहे. कोणाला तो पोशाख वाटतो, कोणाला सुटाचे कापड, कोणाला बुटाचे चामडे, तर एका वाचकाला तो थेट घोडाच भेटला आहे. ही उत्तरे सुटी सुटी छापण्यापेक्षा एकत्र दिली तर एकमेकांवर प्रकाश टाकतील, म्हणून या अंकातील सदराची सगळी जागा या शब्दाला दिली आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करीत आहे. त्यात 'बकस्किन' हा शब्द पानोपानी येतो. मी त्यासाठी 'मृगाजिन' हा शब्द योजला आहे. तो योग्य आहे का? (खानापूर)

उत्तर : आपला शब्द कानाला गोड आहे, तरीही तो बदलावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मृगाजिन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे केसांसकट वाळवलेले, बसण्यासाठी अंथरलेले हरणाचे कातडे उभे राहते. बकस्किनमध्ये केस तर नसतातच, पण केसांखालचा गुळगुळीत थरही नसतो. तो तासून काढलेला असतो, आणि बकस्किनचा सगळा मऊपणा तिथूनच सुरू होतो.

इंग्रजीत 'बक' म्हणजे नर हरीण आणि 'डो' म्हणजे मादी. त्यामुळे बकस्किनचा शब्दशः अर्थ नर हरणाचे कातडे असा होतो, पण व्यवहारात मादीच्या कातड्यालाही हेच नाव चालते. नावापेक्षा कृती महत्त्वाची आहे. कातडे पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात भिजवायचे, तुळईवर पसरून आतल्या बाजूचे मांस आणि पापुद्रा खरवडायचा, मग उलटवून केस आणि त्याखालचा थर काढायचा. त्यानंतर त्याच जनावराचा मेंदू कोमट पाण्यात कुस्करून ते पाणी कातड्यात मुरवायचे. मेंदूतले लेसिथिन तेल आणि पाणी यांची सांगड घालते, त्यामुळे स्निग्ध अंश तंतूंच्या आतपर्यंत पोचतो. एका जनावराचे कातडे कमावायला त्याचाच मेंदू पुरतो, असे ही कला जाणणारे सांगतात. पुढचे काम खरे कष्टाचे आहे. कातडे पिळायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत ओढत, ताणत, चोळत राहायचे. मध्येच हात थांबला तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडे पत्र्यासारखे कडक होते.

एवढे झाल्यावर हाती येते ते पांढरेशुभ्र, फ्लॅनेलसारखे मऊ चामडे. ते एकदा भिजले की पुन्हा कडक होते, म्हणून त्याला धुरी देतात. कातड्याची पिशवी शिवून ती कुजक्या, भुसभुशीत लाकडाच्या धुमसत्या विस्तवावर टांगतात. ज्वाळ होऊ द्यायची नाही, फक्त धूर हवा. धुरातील अल्डिहाइड नावाची द्रव्ये तंतूंना कायमचे बांधून टाकतात, आणि मग ते चामडे भिजून वाळले तरी हाताने चोळताच मऊ होते. बकस्किनचा प्रसिद्ध मधासारखा पिवळसर तपकिरी रंग हा या धुराचा आहे. धुरी न दिलेले पांढरे बकस्किनही वापरात होते आणि समारंभाच्या पोशाखासाठी त्याला मान होता. आपल्या पुस्तकात 'पांढरा बकस्किन पोशाख' असे आले असेल तर ते अनुवादात गाळू नका.

तेव्हा अनुवादात 'हरणाचे मऊ चामडे' असे सरळ लिहावे आणि पहिल्या वेळी धुरी दिल्याचा उल्लेख करावा. बाह्यांना आणि शिवणींना लोंबणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांना 'दशा' हा आपल्याकडचा शब्द चपखल बसेल. त्या दशांवरून पावसाचे पाणी निथळून जाते, आणि गरज पडली तर एखादी पट्टी कापून दोरीसारखी वापरता येते.

आपण विचारलेले नाही, पण पुस्तकात पुढे येण्याचा संभव आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. डॉलरला इंग्रजी बोलीत 'बक' म्हणतात. अठराव्या शतकात अमेरिकेच्या सरहद्दीवर हरणाच्या कातड्यांचा व्यापार एवढा मोठा होता की वस्तूंची किंमत कातड्यांत सांगितली जाई, आणि १७४८ च्या एका नोंदीत दारूच्या पिंपाची किंमत पाच 'बक' दिलेली आढळते. ही कातडी जहाजांनी इंग्लंडला जात आणि तिथे त्यांच्या विजारी आणि हातमोजे होत. म्हणून त्या काळच्या मजकुरात 'अमुक इतके बक' असे आले तर ती हरणाची कातडीच समजावीत, डॉलर नव्हेत.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चपला बनतात. इंटरनेटवर मेंदूने कमावलेले बकस्किन पाहिले. आपले बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे इतके मऊ का होत नाही? आमची पद्धत कमी प्रतीची आहे का? (अथणी)

उत्तर : अजिबात नाही, आणि आपल्यासारख्या घरातील तरुणाच्या मनात ही शंका यावी याचे मला वाईट वाटते. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या कामासाठी जन्मल्या आहेत. हरणाचे कातडे पातळ, त्याचे तंतू सैल विणीचे, आणि त्यातून अंगावर घालायचे कपडे हवेत. आपल्याकडे म्हशीचे जाड कातडे, आणि त्यातून पायाखाली वर्षानुवर्षे टिकणारा तळ हवा. तळ मऊ झाला तर चप्पल चार दिवसांत पसरेल.

बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन कातड्याच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना पक्के बांधते आणि पोकळ्या भरून काढते. त्यामुळे चामडे भरीव, ताठ आणि घट्ट होते. त्यावर रापी स्वच्छ चालते, ठसा उठतो आणि कापलेली कडा सुटत नाही. बकस्किनमध्ये याच्या नेमके उलट, तंतू मोकळे ठेवायचे असतात. शिवाय आपण वरचा थर जपतो आणि ते लोक तो तासून टाकतात. चपलेच्या पट्ट्याला आणि कानांना जी तकाकी येते ती याच वरच्या थरामुळे.

लहानपणी निपाणीजवळच्या एका गावात मी हे काम पाहिले आहे. चुन्याच्या कुंडातून काढून, केस उतरवून धुतलेले कातडे पिशवीसारखे शिवून लाकडी चौकटीला टांगलेले होते आणि आत साल-हिरड्याचे तांबूस पाणी भरलेले होते. शिवणीतून ते पाणी थेंब थेंब खालच्या घमेल्यात पडे आणि घरातली आजी दर थोड्या वेळाने ते घमेले उचलून पुन्हा पिशवीत ओतत असे. फुगलेल्या कातड्यावर ती बोटाने टिचकी मारून पाही. आवाजावरून तिला कळे की पाणी आतपर्यंत पोचले की नाही. त्या वासाची आणि त्या टिचकीची आठवण मला आजही नवी कोल्हापुरी हातात घेतली की होते.

आणखी एक साम्य आहे, ते तुम्हाला आवडेल. तिकडे कातड्याची पिशवी शिवून आत धूर कोंडतात, इकडे पिशवी शिवून आत पाणी भरतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन देशांतील कारागिरांना तीच युक्ती सुचली.

मऊपणाच हवा असेल तर पट्ट्यासाठी आणि वेणीसाठी बकऱ्याचे चामडे आपण वापरताच. तयार चपलेला रात्री खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा हात द्यावा आणि पावसात ती घालू नये, हा सल्ला गिऱ्हाइकाला आवर्जून द्यावा, कारण सालीत कमावलेले चामडे पाणी पिते आणि सुकताना आकसते. तुमच्या मालाची प्रत ठरवायला बकस्किनची गरज नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर यांच्या जोडीने कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही त्यात आले. महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांनी तो हक्क मिळवला आहे. ज्या सीमेवरून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत, तिच्या दोन्ही बाजूंची चप्पल कायद्याने एकच ठरली आहे, आणि त्यात अथणीचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : माझे शिलाईचे दुकान आहे. वडिलांच्या जुन्या सॅम्पल बुकात एका गरम कापडाखाली 'बकस्किन' असे लिहिलेले आहे, पण ते चामडे नाही. कॉलरमध्ये घालतात त्या बकरमशी त्याचा संबंध आहे का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : बकरमशी काहीही संबंध नाही. बकरम हे खळ देऊन ताठ केलेले सुती कापड, आणि दोन्ही नावांत 'बक' ऐकू येतो एवढाच योगायोग.

वडिलांच्या पुस्तकातील नमुना लोकरीचाच असणार. इंग्लंडमध्ये हरणाच्या चामड्याच्या विजारी घोड्यावर बसणारे लोक घालत. त्या टिकाऊ होत्या, पण महाग होत्या आणि धुवायला कठीण. मग गिरणीवाल्यांनी तसाच हाताला मऊ आणि मांडीला टिकणारा कपडा लोकरीतून विणला आणि त्याला चामड्याचेच नाव दिले. बारीक मेरिनो लोकरीचे सूत साटिन विणीत विणायचे, मग ते कापड ओलावा आणि दाब देऊन इतके आटवायचे की विणीच्या रेषा दिसेनाशा होतात, आणि शेवटी वर आलेली लव अगदी बारीक कातरायची. जर्मनीत तर एकोणिसाव्या शतकात पुरुषांच्या विजारींच्या जाड लोकरी कापडांचा एक पूर्ण वर्गच 'बकस्किन' नावाने ओळखला जाई.

याच कुळातील हलके आणि अधिक नाजूक कापड म्हणजे 'डोस्किन', ते मादी हरणाच्या नावावर. सैन्यातील अधिकाऱ्यांच्या समारंभी पोशाखात ते वापरले जाते, त्यामुळे बेळगावच्या कॅम्पात लष्करी गणवेश शिवणाऱ्या जुन्या टेलरांना हा शब्द ओळखीचा असेल. 'मोलस्किन' हे मात्र लोकरीचे नसून जाड सुती कापड आहे आणि त्यात 'मोल' या चिचुंदरीसारख्या प्राण्याचे नावापुरतेच कातडे आहे.

नमुना खात्रीने ओळखायचा असेल तर कडेचे दोन धागे उसवून चिमट्यात धरून जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख काळी, बोटांत चुरडणारी होते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. शिवताना एकच काळजी घ्यावी. या कापडाची लव एका दिशेने बसलेली असते, म्हणून विजारीचे सगळे भाग एकाच दिशेने बेतावेत. एक पाय उलटा बेतला गेला तर उजेडात दोन पायांचा रंग वेगळा दिसतो आणि चूक शिलाईत सुधारता येत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नात जावयांसाठी पांढरे बूट घेतले. दुकानदाराने ते 'ओरिजिनल बकस्किन' म्हणून दिले. पहिल्याच दिवशी डाग पडला. बुटासोबत मिळालेला चामड्याचा लहान तुकडा पाठवत आहे. हे खरोखर हरणाचे आहे का, आणि डाग कसा काढावा? (चिकोडी)

उत्तर : आपण तुकडा पाठवला हे फार बरे केले. मी तो खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिला. एका बाजूवर बोट फिरवले की मखमलीसारखी बारीक लव आडवी पडते आणि रंग किंचित बदलतो. उलट्या बाजूची लव लांब आणि विस्कटलेली आहे. नव्या पात्याने कडा कापून पाहिली तेव्हा उत्तर मिळाले. वरच्या बाजूला एक दाट, सलग पट्टी दिसते आणि तिच्याखाली तंतू मोकळे होत जातात. म्हणजे वरचा थर जागेवर आहे आणि फक्त त्याच्यावर घासकाम केलेले आहे. पारंपरिक बकस्किनमध्ये हा थर नसतोच, दोन्ही बाजू सारख्याच लवदार लागतात.

तेव्हा हे गाईबैलांच्या चामड्यापासून केलेले 'नुबक' आहे. इंग्रजीत 'नवे बक' अशा अर्थाने हे नाव पडले. चामड्याची वरची बाजू बारीक कागदाने घासून लव काढली की नुबक होते, आणि आतली बाजू वर घेतली की 'स्वीड' होते. स्वीड हे नाव फ्रेंच भाषेतील स्वीडन देशाच्या नावावरून, तिकडच्या हातमोज्यांमुळे आले. नुबक ही हलकी वस्तू नाही, स्वीडपेक्षा ती जास्त टिकते. फसवणूक चामड्यात नसून 'ओरिजिनल' या शब्दात आहे, आणि किंमत हरणाची लावली असेल तर आपण दुकानदाराला जाब विचारावा.

डागासाठी बूट आधी पूर्ण कोरडा होऊ द्यावा, उन्हात मात्र ठेवू नये. नंतर मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडावे आणि उरलेला डाग शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासावा. तेलाचा डाग असेल तर त्यावर पांढऱ्या खडूची पूड रात्रभर टाकून सकाळी झाडावी. कॅनव्हासच्या बुटांना लावायचे पांढरे पॉलिश कृपया लावू नका, त्याने लव चिकटून बसते आणि बूट खडबडीत दिसू लागतो.

गाडी पुसायला 'शामी' म्हणून जे मऊ चामडे मिळते तेही असेच नावापुरते उरले आहे. मूळ शॅमॉय हा युरोपातील डोंगराळ भागातला शेळीच्या कुळातला प्राणी. आजचे शामी लेदर मेंढीच्या कातड्याच्या आतल्या थराला माशाचे तेल मुरवून करतात, आणि बाजारातले कित्येक पिवळे तुकडे तर कृत्रिम धाग्याचे असतात. खरे शामी पाणी धरून ठेवते आणि पेट्रोल जाऊ देते, म्हणून पूर्वी पेट्रोल त्यातून गाळून घेत असत.

प्रश्न : आजोबांच्या काळापासून देवघरात हरणाचे कातडे आहे. त्याचे बकस्किन करून पिशवी शिवता येईल का? (संकेश्वर)

उत्तर : कृपया तसे काहीही करू नका. वर्णनावरून आपले कातडे काळविटाचे वाटते. काळवीट हे इंग्रजी अर्थाने हरीण नाही. चितळ आणि सांबर यांची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर राहतात. मराठीत आपण दोघांनाही हरीण म्हणतो, आणि आपल्या भागातील कन्नडमध्येही 'चिगरी' हा शब्द तसाच सैल वापरला जातो. हुबळी-धारवाडच्या बसवर तो लिहिलेला आपण पाहिला असेल.

धार्मिक परंपरेत या कातड्याला मोठे स्थान आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनासाठी 'चैलाजिनकुशोत्तरम्' असे म्हटले आहे, आणि मुंजीत बटूच्या जानव्याला अजिनाचा तुकडा बांधण्याची रीत आपल्याकडे आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून स्थिती बदलली. असे कातडे बाळगायला मालकीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते वारशाने आले असेल तर नव्वद दिवसांत वनखात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे निवेदन द्यावे लागते. विकणे, कोणाला भेट देणे किंवा त्याची वस्तू करवून घेणे यात आपणच अडचणीत याल. आजोबांचे कागद शोधावेत. ते नसतील तर एखाद्या वकिलाचा सल्ला घेऊन जवळच्या वनाधिकारी कार्यालयात स्वतः जावे. मुंजीसाठी कोणी बाजारात अजिन विकत देऊ करीत असेल तर तेही घेऊ नये. दर्भ आणि धूतवस्त्र यांवर विधी व्यवस्थित होतो, आणि राणेबेन्नूरच्या अभयारण्यात काळविटांचे कळप मोकळे धावताना ज्याने पाहिले आहेत त्याला ते कातडे जिवंत अंगावर किती शोभते हे सांगावे लागत नाही.

प्रश्न : चिंचलीच्या यात्रेत एका घोडेवाल्याने आपला घोडा 'बकस्किन' असल्याचे सांगितले. घोड्याचा चामड्याशी काय संबंध? (रायबाग)

उत्तर : संबंध फक्त रंगाचा. धुरी दिलेल्या हरणाच्या चामड्यासारखे पिवळसर अंग आणि त्यावर काळी आयाळ, काळे शेपूट आणि काळे पाय, अशा घोड्याला इंग्रजीत बकस्किन म्हणतात. कुम्मैत म्हणजे तांबूस तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोड्याला रंग फिका करणारा एक जनुक आईकडून किंवा वडिलांकडून मिळाला की असे शिंगरू जन्मते. ती घोड्याची वेगळी जात नव्हे, त्यामुळे या नावावर कोणी जास्त पैसे मागत असेल तर चाल, खूर आणि दात पाहूनच सौदा करावा. या रंगासाठी आपल्या घोडेवाल्यांकडे फारसीतून आलेला 'समंद' हा शब्द पूर्वीपासून आहे. पुढच्या यात्रेत त्या घोडेवाल्याला तो सांगून पाहा. त्याच्या वडिलांना तो नक्की माहीत असेल.